‘काहीही आढळले नाही’

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी फर्मान काढलं की प्रत्येकानं आपापल्या कामाबद्दल बोलायचं. डॉक्टरनं बीपीवर, वकिलानं वारसनोंदीवर आणि मी कॉम्प्युटरवर. आता कॉम्प्युटर हा विषय आभाळाएवढा. मी त्यातलं एका चौकटीएवढं काम करतो, तेवढंच सांगतो.

कुठलंही संकेतस्थळ उघडलं की वर कोपऱ्यात भिंगाचं चित्र असतं आणि शेजारी एक रिकामी चौकट. तिच्यात शब्द टाकला की त्या संकेतस्थळावरचं नेमकं पान पुढं यावं, हे बघणं माझं काम. हे गूगल नव्हे. गूगल गावभर हिंडून शोधतं; ही चौकट फक्त त्या एका घरातल्या कपाटात शोधते. ते कपाट म्हणजे ज्याला आम्ही सीएमएस म्हणतो ते, ड्रुपल, वर्डप्रेस वगैरे. लेख लिहिणारा त्यात लेख ठेवतो, वाचणारा बाहेरून बघतो. कपाटाच्या दारावरची ही चौकट बसवायला दोन तास पुरतात. ती चालती ठेवायला मात्र मला आठ वर्षं लागलीत आणि अजून ते काम संपलेलं नाही. ‘दोन तासांच्या कामाचा आठ वर्षं पगार कसा काय घेतोस’ असं मागच्या रांगेतून आत्ताच कोणीतरी विचारलं. त्याचंच उत्तर देतोय.

मी ज्या संकेतस्थळाची ही चौकट सांभाळतो, ते शेतीविषयक आहे. काही हजार मराठी लेख आहेत, बहुतेक कृषी विद्यापीठांतून निवृत्त झालेल्या तज्ज्ञांनी लिहिलेले. मी तिथं रुजू झालो तेव्हा शोधाची व्यवस्था जशी आली तशी, मूळच्या सेटिंगवर चालू होती. तिच्या नोंदवहीत लोकांनी काय काय शोधलं हे साठतं. नाव नाही, गाव नाही, फक्त शब्द, वेळ आणि किती पानं सापडली तो आकडा. एका रात्री अकरानंतर कोणीतरी पाठोपाठ टाकलेले शब्द मला त्यात दिसले: ‘तूर मर’, मग ‘तुर मर’, मग ‘तूर वाळली’, मग ‘तुर वाळायली’. शेवटच्या तिन्ही वेळा समोर शून्य, आणि पहिल्या वेळी तूरडाळीच्या भावाची जुनी बातमी. त्यानंतर तो माणूस निघून गेला.

‘वाळायली’ हा शब्द वाचून मी खुर्चीत सरसावून बसलो. हे पुण्याचं मराठी नाही, आपल्याकडचं आहे. आणि ‘तुरीवरील मर रोगाचे व्यवस्थापन’ हा चांगला सविस्तर लेख त्याच कपाटात होता. उभी तूर वाळत असताना माणूस रात्री मोबाईल घेऊन बसतो, चार वेळा विचारतो आणि चार वेळा रिकाम्या हातानं जातो. चौकट त्याला सांगते, ‘काहीही आढळले नाही.’ त्याचा अर्थ तो असाच घेणार की यावर उपाय कोणी लिहिलेलाच नाही. मग सकाळी उठून दुकानदार देईल ती बाटली.

का नाही सापडला तो लेख? यात आपल्या मराठीच्या सरांचा संबंध येतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

यंत्र काही प्रत्येक वेळी सगळे लेख वाचून काढत नाही. ते आधीच एक सूची करून ठेवतं, जाड ग्रंथाच्या शेवटी असते तशी: अमुक शब्द, तमुक तमुक पानावर. शब्द टाकला की सूचीत बघायचं आणि पानं दाखवायची. आता ही सूची करताना ड्रुपलची मूळची अट अशी की तीन अक्षरांपेक्षा लहान शब्द घ्यायचाच नाही. इंग्रजीत ते ठीक आहे, ‘ऑफ’ आणि ‘इन’ असले किरकोळ शब्द गळतात. पण यंत्राच्या हिशेबात मात्रा, वेलांटी हीसुद्धा स्वतंत्र अक्षरं. म्हणजे ‘तूर’ तीन भरते: त, ऊकार, र. आणि ‘मर’ दोनच. ‘ऊस’ दोन. ‘घर’ दोन. जमिनीचा ‘गट’ दोन, आणि सरकारचा ‘कर’सुद्धा दोन! उसावरच्या लेखांनी भरलेलं कपाट आणि ‘ऊस’ हा शब्द सूचीतच नाही. अट तीनवरून दोनवर आणायला एक मिनिट लागतं. पण ती अट तिथं आहे हे कळायला कोणीतरी ‘ऊस’ टाकून बघावं लागतं, आणि चाचणी करणारी मुलं ‘टेस्ट’ असा शब्द टाकून बघतात.

वर्डप्रेसची गोष्ट उलटी. ते मूळ अवस्थेत सूची करतच नाही, मजकुरात तेवढी अक्षरं सलग कुठं दिसतात का बघतं. तिथं ‘कर’ टाका, म्हणजे शेतकरी, भाकरी, लवकर, प्रकरण आणि तेंडुलकर असे सगळे हजर होतात.

‘मर’चा प्रश्न मिटला तरी तूर उरतेच. लेखाच्या मथळ्यात ‘तूर’ नाहीच, ‘तुरीवरील’ आहे. इथं मला सरांची सामान्यरूपाची शिकवणी आठवते. पाणी–पाण्याला, विहीर–विहिरीत, पीक–पिकाचा. तेव्हा आपल्याला वाटायचं की हे मार्कांपुरतं आहे. सर, सांगायला आनंद वाटतो की तुमच्या त्या धड्यावर माझं घर चालतं.

हिंदीत ‘किसान को’, ‘खेत में’ असे शब्द सुटे राहतात. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतो, आणि चिकटताना शब्दाचं रूपही बदलून टाकतो. पीकचं ‘पि’ होतं, पाणीचं ‘पाण्या’ होतं. जगभर शोधासाठी जे ल्यूसीन नावाचं मोफत सॉफ्टवेअर वापरतात, ते डग कटिंग यांनी १९९९ साली लिहिलं आणि त्याला बायकोचं मधलं नाव दिलं. त्यावर उभारलेलं इलॅस्टिकसर्च २०१० मध्ये आलं. त्याचे कर्ते शाय बॅनन बायकोच्या पाककृती शोधता याव्यात म्हणून या वाटेला लागले होते. (आपल्यातल्या किती जणांनी बायकोसाठी काय केलं, ते जेवणाच्या वेळी बघू.) या इलॅस्टिकसर्चबरोबर हिंदीसाठी आणि बंगालीसाठी शब्दाचं मूळ काढायचे तयार नियम येतात. मराठीसाठी येत नाहीत. हिंदीचे नियम मराठीला लावून चालत नाही, ते आत्ता सांगितलंच. म्हणजे प्रत्यय आपणच काढायचे.

आणि प्रत्यय काढणं हे वाटतं तितकं सोपं नाही. शेवटचा ‘त’ काढा म्हणा: ‘घरात’मधून बरोबर निघतो, पण ‘भात’चं ‘भा’ होतं आणि ‘शेत’चं ‘शे’. ‘ने’ काढा म्हटलं तर ‘सोने’ गेलं. ‘शी’ काढा म्हटलं तर मावशीची ‘माव’ झाली. तेव्हा मी दोन गोष्टी करतो. मूळ शब्द जसा आहे तसा सूचीत ठेवतो आणि प्रत्यय काढलेलं रूप शेजारी वेगळं ठेवतो. तंतोतंत जुळलं ते वर, मूळ जुळलं ते खाली. आणि ज्यांना हात लावायचा नाही अशा शब्दांची एक यादी ठेवतो. त्या यादीत भात आहे, शेत आहे, सोने आहे. मावशीही आहे.

आता ऱ्हस्वदीर्घ. ‘पीक विमा’ हे बरोबर. लोक लिहितात ‘पिक विमा’, ‘पिकविमा’, ‘पीकविमा’, शिवाय रोमन अक्षरांतून. लिहिणाऱ्याला चुकीचं म्हणायला हा काही बोर्डाचा पेपर नाही. विम्याची मुदत संपत आलेली असते आणि तो मोबाईलवर अंगठ्यानं लिहीत असतो. म्हणून शोधताना आम्ही ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पुसून टाकतो. दाखवताना मात्र शुद्ध रूपच दाखवतो. बाई, तुम्ही मान हलवताय, पण दाखवताना शुद्धच दाखवतो!

काही भेद तर डोळ्यांना दिसतही नाहीत. ‘बँक’ हा शब्द चंद्रबिंदूनं लिहिता येतो, किंवा आधी ॅ आणि मग अनुस्वार असा दोन खुणांनी. छापून बघितलं तर दोन्ही बहुतेक वेळा सारखेच दिसतात. यंत्राला ते दोन वेगळे शब्द वाटतात. त्याहून वाईट अवस्था ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची. त्यातला तो अर्धा र, ज्याला काही लोक पापणीचा र म्हणतात, तो कोणी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरानं लिहितो, कोणी साध्या र ला पाय मोडून मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह घालतो, आणि मजकूर एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेताना ते जोडचिन्ह गळालं की ‘शेतकर्यांना’ होतं, रफार डोक्यावर. मराठवाड्यातल्या कुठल्याही संकेतस्थळावर सगळ्यांत जास्त वेळा येणारा शब्द हाच असेल, आणि तोच तीन तऱ्हांनी साठवलेला. मजकूर सूचीत जाण्याआधी हे सगळं एका रूपात आणावं लागतं. धान्य चाळून, पाखडून मग कणगीत टाकायचं, तसं.

आपल्या गावाचंच घ्या ना. ‘शिरूर’ एवढंच टाकलं तर कुठलं? पुणे जिल्ह्यातलं घोडनदीचं शिरूर, बीडचं शिरूर कासार, आपल्या जिल्ह्यातलंच अहमदपूरकडचं शिरूर ताजबंद, की आपलं शिरूर अनंतपाळ? लोकसभेच्या निवडणुकीत तर पुण्याकडचा शिरूर मतदारसंघ सगळ्यांवर पाणी फिरवतो. त्यात रोमनमधून परत देवनागरीत आलेल्या याद्यांमध्ये ळ चा ल होतो: अनंतपाल, साकोल, येरोल. आणि उजेड! गांधीबाबांच्या यात्रेमुळं उजेड गाव सगळ्या जिल्ह्याला ठाऊक, पण यंत्राला काय ठाऊक? उजेडच्या कोणी ‘उजेड’ टाकलं तर त्याला कोंबड्यांच्या शेडमध्ये किती उजेड असावा याचे लेख मिळतात. गावांसाठी म्हणूनच शब्दावर भिस्त ठेवायची नाही. सरकारी यादीत प्रत्येक गावाला आकडी कोड असतो, तो लेखाला जोडायचा, आणि शोधणाऱ्यासमोर ‘जिल्हा निवडा, तालुका निवडा’ असे खण ठेवायचे.

नावं बदलतात तेव्हा तर ही चौकट सांभाळणाऱ्याला झोप नसते. २०२३ मध्ये उस्मानाबादचं धाराशिव आणि औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. जुने लेख जुन्या नावाचे, शोधणारे नव्या नावानं शोधणार, आणि बरेच अजून जुन्या नावानंही. कोणाला कुठलं नाव आवडतं हा माझा प्रश्न नाही. दोन्ही नावं एकमेकांना बांधून ठेवणं हा माझा प्रश्न आहे. आमच्याकडं त्यासाठी समानार्थी शब्दांची एक फाईल असते, आणि माझ्या मते अख्ख्या व्यवस्थेत सगळ्यांत मोलाची तीच. ‘सातबारा’, ‘सात बारा’, ‘७/१२’, इंग्रजी आकड्यांतला सातबारा, ‘उतारा’ हे सगळं एकच, असं तिच्यात लिहिलेलं आहे. नाहीतर यंत्र ७ आणि १२ यांच्यामधल्या तिरक्या रेघेवर शब्द तोडतं आणि ज्या ज्या लेखात सात आणि बारा हे आकडे आहेत ते सगळे पुढ्यात टाकतं. ‘करडी’ म्हणजे करडई. ‘हायब्रीड’ म्हटलं की आपल्याकडं संकरित ज्वारी. सोयाबीनचं ‘जेएस ३३५’ हे वाण कोणी ‘जे.एस.-३३५’ लिहितो, कोणी जोडून, कोणी नुसतं ‘३३५’. आणि हो, ‘वाळायली’ म्हणजे वाळणे, म्हणजे मर. ती ओळ मी घातली.

फाईल कशी भरते, तर दर सोमवारी सकाळी चहा घेऊन मी ‘शून्य’वाली यादी वाचतो. आठवडाभरात लोकांनी काय विचारलं आणि आपण काय देऊ शकलो नाही. एवढंच. यात कुठलीही हुशारी नाही. मला विचाराल तर नव्या नव्या सॉफ्टवेअरवर खर्च करण्यापेक्षा ही यादी वाचणारा एक माणूस ठेवावा, आणि तो त्या भागातला असावा. कधी शब्द जोडायचा असतो. कधी कळतं की तो लेखच आपल्याकडं नाही, मग तज्ज्ञांना फोन करून लिहून घ्यायचा. यंत्राला जरा सैल सोडून ‘एखादं अक्षर चुकलं तरी चालेल’ असंही सांगता येतं, पण मराठीत लहान शब्दांना ते लावू नये. तूर शोधणाऱ्याला तूप मिळतं आणि साप शोधणाऱ्याला ताप.

बाकी रोजची देखभाल म्हणजे घरकाम. सूची आपोआप ताजी होत नाही, ठरलेल्या वेळी एक छोटा प्रोग्रॅम चालून ती भरतो. ड्रुपलमध्ये मूळच्या सेटिंगला एका फेरीत शंभर लेख. तो प्रोग्रॅम बंद पडला तर संकेतस्थळ वरून ठणठणीत दिसतं, पण नवे लेख सापडत नाहीत, आणि कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून सूचीत शेवटचा लेख कधी गेला ती तारीख बघायची. शिवाय पन्नास-एक प्रश्नांची एक वही: ‘तूर मर’ला हे पान पहिलं यायलाच हवं, ‘पिक विमा’ला ते. काहीही बदललं की ती वही परत तपासायची. आपली सहामाही परीक्षाच म्हणा.

या सगळ्याचा आपल्या शाळेशी काय संबंध, ते सांगून थांबतो.

सकाळी ठरलं की शाळेचे जुने वार्षिकांक, हस्तलिखितं आणि फोटो संकेतस्थळावर टाकायचे. छान ठरलं. पण नुसते फोटो काढून टाकले तर ते कपाटात ठेवून किल्ली हरवल्यासारखं होईल. यंत्राला पानाचा फोटो म्हणजे निव्वळ चित्र. त्यातली अक्षरं त्याला वाचता येत नाहीत. २०२३ नंतर कुणबी नोंदींच्या शोधात आपण सगळ्यांनी हे बघितलंय. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, निजामकाळातले कागद बाहेर निघाले, मोडीतले, उर्दूतले. काही जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर स्कॅन केलेली पानं आली. अशा पानांत आजोबांचं नाव टाइप करून शोधता येत नाही. एकेक पान उघडायचं, आणि मोडी जाणणारा माणूस शेजारी बसवायचा. नोंद आहे, पण सापडत नाही, आणि सापडत नाही तोवर कार्यालयात तिचा उपयोग नाही.

आपले वार्षिकांक छापील देवनागरीत आहेत, म्हणजे आपण नशीबवान. टेसरॅक्ट नावाचा मोफत प्रोग्रॅम छापील मराठी वाचतो. चुका करतो, त्या कोणीतरी बसून दुरुस्त कराव्या लागतील. मात्र नव्वदच्या दशकातले अंक डीटीपीवाल्याकडच्या फाईलमधून मिळाले म्हणून हुरळून जाऊ नका. त्या काळच्या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं, आत रोमन अक्षरं असतात. त्या आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यायच्या. आणि जुन्या अंकांत ‘गांव’, ‘नांव’ असे अनुस्वार असतील. १९६२ साली शासनानं शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले, पण लिहिणाऱ्यांचा हात बदलायला वेळ लागला. तो भेदही पुसून शोधावं लागेल.

सगळ्यांत अवघड भाग मी मुद्दाम शेवटी ठेवलाय. या मेळाव्यासाठी आपल्या वर्गातली मुलं आठवड्याभरात सापडली. मुली सापडायला चार महिने लागले. कारण शाळेच्या कागदांत त्यांचं माहेरचं नाव, आणि आज फोनमध्ये, आधारवर सासरचं. काहींचं तर पहिलं नावसुद्धा लग्नात बदललेलं. दोन जणी शेवटपर्यंत सापडल्या नाहीत. आपण हुडकायचं थांबवलेलं नाही. म्हणून फोटोखाली नाव लिहिताना शाळेतलं नाव तर लिहायचंच, आणि जिची हरकत नाही तिचं आजचं नाव त्याला बांधून ठेवायचं. उस्मानाबाद आणि धाराशिव बांधलं, तसंच. एकीनं शोधलं तर दुसरी सापडली पाहिजे.

हरकत नाही असं म्हणतो ते जाणूनबुजून. प्रवेशाचं रजिस्टर मात्र कोणी टाकू नका. त्यात जन्मतारखा आहेत, जाती आहेत, वडिलांचे धंदे आहेत. सूचीत एकदा गेलेलं पान काढून टाकलं तरी सूचीत काही काळ रेंगाळतं. जे दाखवायचं नाही ते कपाटात ठेवायचंच नाही.

मागच्या टेबलावर मी फोटोंचे प्रिंट आणि एक वही ठेवलीय. प्रत्येक फोटोला नंबर आहे. जेवायला जाण्याआधी एकदा बघा: कोण उभं आहे, कुठला कार्यक्रम, कुठलं साल. किल्लारीचा भूकंप झाला त्या वर्षी, १९९३ साली आपण सातवीत होतो. त्यावरून मागंपुढं मोजलं की साल निघतं. टोपणनावंही लिहा. ज्या नावानं हाक मारत होतो त्याच नावानं कोणीतरी शोधणार आहे. सतरा नंबरच्या फोटोत खोखोच्या संघात डावीकडून तिसरी कोण, हे अजून कोणालाच सांगता आलेलं नाही. बाई, तुमचा चष्मा आणला असेल तर सुरुवात तिथून करू.